श्रीकांतच्या सायकलीचे बहात्तर स्पोक

मालती हळबे कलकत्त्याला भवानीपूरच्या एका मुलींच्या शाळेत गणित शिकवायची आणि शाळेबाहेरही तशीच बोलायची: आधी पक्ष, मग साध्य, मग सिद्धता. वय सत्तेचाळीस. लग्न केलेलं नव्हतं, आणि त्यावरून कुणी हळहळायला लागलंच तर त्याला ती दोन वाक्यांत गप्प करायची. वडिलांनी बांधलेल्या दुमजली घरात थोरला भाऊ श्रीकांत आणि हेमावहिनी यांच्याबरोबर ती राहत होती. तिघांचं छान चाललं होतं. वादावादी रोज व्हायची, पण तिला भांडण म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती.

आता कलकत्ता म्हणजे पोळपाटासारखं सपाट. हळब्यांचं मूळ गाव कोकणात, घाटाच्या पायथ्याशी. तिकडचे नातेवाईक पत्रांतून घाट चढल्या-उतरल्याच्या गोष्टी लिहायचे आणि मालतीनं जन्मात चढलेला सगळ्यात मोठा चढ म्हणजे हावड्याचा पूल! तोही सायकलवरून चढली होती म्हणा. नवव्या वर्षापासून ती सायकल चालवायची. पण डोंगर म्हणून जो काही असतो तो तिनं पाहिला होता फक्त भूगोलाच्या वर्गातल्या नकाशात, खाकी रंगाचा.

१९७२च्या उन्हाळ्यात हाजरा रोडच्या मराठी मंडळात कसलासा कार्यक्रम होता. तिथं कॅप्टन चारुदत्त सबनीस भेटले. फोर्ट विल्यममध्ये बदली होऊन आलेला उंच, काळासावळा, तिशीतला माणूस. लष्करातली कवायत कमी पडत होती की काय कोण जाणे, त्यांनी शहरात एक सायकल संघही काढला होता.

"दुर्गापूजेच्या सुटीत आम्ही आठ जण सिलिगुडीहून दार्जिलिंगला सायकलनं चढणार आहोत," ते म्हणाले. "सात जण झालेत."

"मग आठवी मी," मालती म्हणाली.

कॅप्टननी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. हसले नाहीत, हे त्यांचं नशीब. "मालतीबाई, एक नियम आहे. मागच्या वर्षी एका गड्याचं चाक वाकलं आणि तो दिवसभर मिस्त्रीची वाट बघत पावसात बसला. डोंगरात कुठला आलाय मिस्त्री? म्हणून यंदा प्रत्येकानं नुसती फ्रेम आणायची आणि बेअरिंगच्या छर्ऱ्यांपासून चाकांपर्यंत सगळी सायकल स्वतःच्या हातानं बांधायची. सामान कुठूनही आणा, पण हात तुमचे लागले पाहिजेत. अठरा सप्टेंबरला, सोमवारी, सकाळी साडेसहाला किल्ल्यासमोरच्या मैदानात तपासणी. त्याच संध्याकाळी मी तीन आठवड्यांसाठी उत्तरेला जातोय, तेव्हा सोमवारी यादी बंद होणार. आणि डिसेंबरात माझी बदली."

म्हणजे यंदा नाही तर नाहीच. कॅप्टन गेल्यावर हा संघ जवळच्या, सपाट बरद्वानच्या पुढे जाणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मालती त्या रात्री अंथरुणावर पडली ती डोळे टक्क उघडे ठेवून. तिला डोंगर चढायचा होता. का, ते तिला सिद्ध करता येत नव्हतं, आणि सिद्धता नसलेली एवढी मोठी गोष्ट तिला आयुष्यात पहिल्यांदाच हवीशी वाटत होती.

श्रीकांतला हे सांगितल्यावर त्यानं हातातली कपबशी खाली ठेवली. श्रीकांत एका बँकेत अधिकारी होता. कोट घालून सायकलवर बँकेत जायचा आणि पँटला क्लिपा लावायचा. मनानं गरीब माणूस, पण लोकांच्या नजरेला भारी भ्यायचा.

"मालू, तू चाळिशी ओलांडलेली बाई आहेस."

"सत्तेचाळीस. नीट सांग."

"आणि पुरुषांच्या सायकलीवर बसणार? मधला दांडा असलेल्या?"

"बायकांच्या सायकलीची फ्रेम चढावर लचकते. आईची नऊवारी आहे ना कपाटात! काष्टा घातला की कसला दांडा आणि कसलं काय!"

हेमावहिनी स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसत सुटली. श्रीकांत मात्र हसला नाही. "निदान बँकेसमोरून जाऊ नकोस," एवढंच तो म्हणाला. ते मालतीच्या जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून ती बँकेचा रस्ता टाळून गल्लीबोळातून जायला लागली.

फ्रेम मिळाली रिपन स्ट्रीटवर. एक अँग्लो-इंडियन कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं होतं, सगळं विकायला काढलेलं. कोळशाच्या खोलीत एक विलायती पोलादी फ्रेम पडली होती, चाकं नाहीत, हँडल नाही, काही नाही. मालतीनं बोटानं टिचकी मारली तर अशी खणखणीत वाजली म्हणता! तिनं ती तिथल्या तिथे घेतली, खांद्यावर टाकली आणि ट्रॅममध्ये चढली. कंडक्टरनं तिकीट कितीचं द्यावं यावर पुष्कळ विचार केला आणि शेवटी एकच दिलं.

घराच्या मागच्या गल्लीत निमाई मिस्त्रीचं दुकान. साठीचा माणूस, लुंगी, गंजीफ्रॉक, कानाला विडी. मालतीला तो "दिदिमणि" म्हणायचा, म्हणजे बाई, मास्तरीणबाई. मालती त्याच्याशी बंगालीत बोलायची, आणि खरं सांगायचं तर तिचं बंगाली तिच्या मराठीपेक्षा वेगात धावायचं. निमाईनं नियम ऐकला आणि खूश झाला. "म्हणजे मी हात लावायचा नाही? फक्त ओरडायचं? दिदिमणि, हे काम मला बायकोनंसुद्धा कधी दिलं नाही!"

जुलै-ऑगस्ट असे गेले. शाळा सुटली की मालती निमाईच्या दुकानात स्टुलावर. फ्रेमचा गंज रॉकेलनं काढला, हिरवा रंग दिला. क्रँकची एक वाटी काही केल्या बसेना, ती जोर लावतेय, लावतेय, आणि निमाई किंचाळला, "उलटे आटे! उजव्या बाजूला उलटे आटे असतात, फ्रेम मारून टाकाल!" मग डावीकडे फिरवली तर बोटानंसुद्धा बसली. छर्रे ग्रीसमध्ये एकेक करून बसवायला तिला फार आवडायचं. हातांची कातडी काळी झाली. शाळेतल्या मुली फळ्याकडे न बघता बाईंच्या नखांकडे बघायला लागल्या. चढासाठी मागचं दातेरी चक्र मोठं घेतलं, पुढचं लहान. सीट, हँडल, ब्रेक, सगळं जागच्या जागी आलं. उरली फक्त चाकं.

आणि इथं मालती हळबे चुकली. साधं नाही, मास्तरीणबाईंनाच शोभेल असं चुकली.

निमाईचं म्हणणं होतं, जुना स्पोक नमुन्याला घेऊन बेंटिंक स्ट्रीटला जा आणि त्याच मापाचे आणा. मालती म्हणाली, नमुना कशाला? रिमचा व्यास माहीत आहे, हबचा माहीत आहे, मधला कोन काढता येतो. त्रिकोणाची तिसरी बाजू काढायची, झालं! तिनं वहीत दोन पानं भरून गणित मांडलं, तीनदा ताळा घेतला आणि बेंटिंक स्ट्रीटच्या दुकानदाराकडून त्या मापाचे बहात्तर स्पोक खास कापून, आटे पाडून घेतले. पुढच्या चाकाला बत्तीस, मागच्याला चाळीस. स्पोक आवळायची किल्लीही स्वतःची घेतली. निमाईनं वही उलटीसुलटी धरून बघितली आणि म्हणाला, "लिहिलंय छान."

शनिवारी, सोळा तारखेला, शाळा अर्धीच होती. दुपारी ती दुकानात चाक विणायला बसली. पहिले दहा स्पोक घातले आणि टोकाला आवळायचं निपल बसवलं, तर स्पोकाचं टोक रिमच्या छिद्रातून बाहेर येऊन अंगठ्याएवढं वर उभं! दुसरा तसाच. दहाच्या दहा तसेच.

"निमाईदा, हे काय?"

निमाईनं विडी विझवली. रिमवर हाताची वीत ठेवली, मोजलं, आणि मग तो जो हसायला लागला तो खोकला येईपर्यंत. "दिदिमणि, किती इंच धरलं चाक?"

"अठ्ठावीस. टायरवर लिहिलंय."

"टायरवर! ते टायरचं माप. बाहेर बाहेरचं. रिम जेमतेम पंचवीस भरते!"

चोवीस वर्षं मालती वर्गात एकच गोष्ट ओरडत आली होती, 'मुलींनो, आधी प्रश्न नीट वाचा!' प्रश्न न वाचणाऱ्या मुलींचे गुण ती निर्दयपणे कापायची. आणि आज स्वतःच... तिला इतकी लाज वाटली की हातातला हब टेबलावर आपटावासा वाटला. आपटला नाही, तो ग्रीस लावून तयार केला होता.

"तुमच्या यंत्रावर कापून आटे पाडून द्याल? आत्ता?"

निमाई हसायचा थांबला. दुकानाच्या मागच्या भिंतीपाशी बोट दाखवलं. आटे पाडायचं यंत्र स्वच्छ धुऊन, पुसून, झेंडूची माळ घालून ठेवलं होतं. शेजारी पाने, हातोड्या, पक्कडी, सगळं ओळीनं मांडलेलं, त्यावर शेंदराचे ठिपके. मधोमध हत्तीवर बसलेला विश्वकर्मा, अजून कागदात गुंडाळलेला. उद्या सतरा सप्टेंबर. विश्वकर्मापूजा. त्या दिवशी कलकत्त्यात कुठलाही कारागीर हत्याराला हात लावत नाही. कारखाने बंद, गॅरेज बंद, बेंटिंक स्ट्रीट बंद. सगळं शहर गच्चीवर जाऊन पतंग उडवतं.

"यंत्र देवाला वाहिलं, दिदिमणि. सोमवारी सकाळी आठला उतरवीन. त्याच्या आधी मी मेलो तरी नाही."

सोमवारी साडेसहाला तपासणी. मालतीनं पुन्हा हिशेब केला नाही. ती वही दुकानातच टाकून घरी आली.

जेवायला बसली तर नुसताच भात चिवडत राहिली. हेमावहिनीनं विचारलं, "वन्सं, काय झालं?" आणि त्या एका प्रश्नानं बांध फुटला. मालती हळबे, जिच्यासमोर शाळेचे निरीक्षक चळाचळा कापायचे, ती भाताच्या ताटासमोर बसून ढसाढसा रडली. "मला डोंगर बघायचा होता गं," एवढंच म्हणत राहिली.

श्रीकांतला बहिणीचं रडणं सहन होत नसे. लहानपणीही ती रडली की हा कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा. आज तो उठला, हात धुतले, जिन्याखाली गेला आणि आपली सायकल ओढत आत घेऊन आला. फरशीवर चिखलाचे पट्टे उठले.

"हीसुद्धा अठ्ठावीसचीच आहे ना? घे माझी दोन्ही चाकं. तुझ्या फ्रेमला बसव. कॅप्टनला काय स्वप्न पडतंय!"

मालतीनं डोळे पुसले. चाकांकडे बघितलं. सरळ, वंगण घातलेली, जागेवर बसवायला पंधरा मिनिटं. मोह झाला हो, खोटं का बोला!

"नको, दादा," ती म्हणाली. "चाक मी बांधलेलं नसेल आणि वर कुठंतरी वाकलं, तर मला ते सरळ करता येणार नाही. मग मी पण पावसात बसेन मिस्त्रीची वाट बघत." थांबली. मग तिचे डोळे एकदम चमकले. "पण सामान कुठूनही आणा, असं कॅप्टन म्हणालेत. तुझे स्पोक देशील?"

"म्हणजे माझी चाकं मोडायची?"

"हो."

"आणि मी सोमवारी बँकेत काय घोड्यावर बसून जाऊ?" श्रीकांतनं कपाळाला हात लावला. सायकलीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं. "घे. घे बाई. पण आता रडू नकोस."

रविवारी सकाळी सगळं सामान गच्चीवर गेलं. तुम्ही विश्वकर्मापूजेचं आकाश पाहिलंय का? प्रत्येक गच्चीवर माणसं, चक्र्या, मांजा, कुठंतरी कर्ण्यावर गाणी, आणि कुणाचा पतंग कटला की सगळी आळी एका सुरात ओरडते, "भो-काट्टा!" त्या गदारोळात मालती नऊवारी खोचून चटईवर बसली आणि भावाची चाकं सोडायला लागली. टायर काढायला वहिनीनं आमटीचे दोन डाव दिले, ते वाकले, मग चांगले जाड दिले. मागचं फ्रीव्हील, म्हणजे साखळीचं दातेरी चक्र, हटेना, आणि ते निघाल्याशिवाय स्पोक सुटेनात. तेव्हा श्रीकांतनं बाह्या सरसावल्या. "ही सायकल माझी आहे. हिला माझे हात चालतात!" म्हणून खिळ्यांच्या हातोडीनं आणि जुन्या छिन्नीनं असे काही ठोके घातले, की शेजारच्या गच्चीवरचे पतंग सोडून इकडे बघायला लागले. सातव्या ठोक्याला फ्रीव्हील फिरलं. श्रीकांतचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पन्नाशीत त्यानं पहिल्यांदाच काहीतरी ठोकलं होतं.

अकराच्या सुमाराला निमाई आला. नवीन धोतर, कपाळावर टिळा, हातात प्रसादाची खिचडी आणि पतंग. गच्चीवर पाऊल टाकलं आणि थबकलाच.

"दिदिमणि! आज हत्यार चालवताय? आज?"

मालतीच्या हातात स्पोकांची किल्ली होती. ती क्षणभर गोंधळली. मग मान वर करून म्हणाली, "निमाईदा, आमच्या हत्यारांची सुटी आज नसते. आमची खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी आम्ही हत्यारं पुजतो, आणि विचारा वहिनीला, मी पेन्सिलीला टोकसुद्धा काढत नाही."

"खरं?" निमाईनं हेमावहिनीकडे बघितलं.

"अगदी खरं. विळीसुद्धा देवापुढे ठेवतो आम्ही. भाजी आदल्या दिवशी चिरून घ्यावी लागते."

निमाईनं बराच विचार केला. बाबा विश्वकर्माच्या दप्तरात या लोकांची रजा वेगळ्या तारखेला मांडलेली दिसत होती. "मग तुम्हाला चालतं," त्यानं निकाल दिला. "मला नाही. मी बोटसुद्धा लावणार नाही." आणि त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत गच्च अडकवले.

झालं, पुढचे सहा तास त्या माणसानं जे हाल सोसले! समोर चाक विणलं जातंय आणि चाळीस वर्षं चाकं विणलेले हात पाठीमागे. तो चटईभोवती फेऱ्या मारत होता. "वरून! वरून! वरून! आता खालून! अगं खालून म्हणतो ना!" मध्येच 'अहो'चं 'अगं' झालं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. मालतीनं पुढचं चाक दोनदा विणलं आणि दोनदा सोडलं. तिसऱ्यांदा जमलं. स्पोक एकमेकांवरून गेले, टोकं रिममध्ये नेमकी बसली, एक सूतही वर नाही. तिनं चाक हातात उभं धरलं आणि लहान मुलीसारखी ओरडली, "दादा, बघ! बघ ना!" श्रीकांत तेव्हा निमाईचा पतंग उडवत होता. बघायला वळला आणि पतंग कटला. चारी बाजूंनी "भो-काट्टा!" झालं. त्याला काही वाटलं नाही.

मग चाकाचा आउट काढणं आलं, म्हणजे चाक डोलतं ते सरळ करणं. हे खरं कठीण काम. इथं पाव फेरा आवळा, समोर पाव फेरा सैल करा. इकडचं सरळ केलं की तिकडचं वाकतं. मालतीला वाटलं होतं, याचंही काहीतरी सूत्र असेल. नव्हतं. निमाई म्हणाला, "डोळे मिटा आणि स्पोक छेडा. आवाज ऐका. जो बेसूर तो सैल." तिनं डोळे मिटले. चोवीस वर्षांत पहिल्यांदा तिनं कुठलीही गोष्ट न मोजता केली. दिवेलागणीला दोन्ही चाकं फ्रेममध्ये फिरत होती. मागचं झकास. पुढच्याला मात्र एका जागी, रिमच्या सांध्यापाशी, बारीकशी उडी राहिली होती. तासभर झटली, गेली नाही. निमाईनं पाठीमागचे हात इतके आवळले होते की बोटं पांढरी पडली, पण त्यानं हात पुढे आणले नाहीत.

सोमवारी सकाळी मैदानात दव होतं. किल्ल्याच्या बाजूनं घोडेस्वार चालले होते, चहावाल्यानं शेगडी पेटवली होती. सात जणांच्या सात सायकली रांगेत उभ्या होत्या, मालतीची आठवी. श्रीकांत बँकेचा कोट घालून, डबा घेऊन ट्रॅमनं थेट इथंच आला होता. निमाई पण आला, दुकान उघडायच्या आधी.

कॅप्टननी एकेक सायकल उलटी केली, चाकं फिरवली, रिमशी काडेपेटीची काडी धरली. दोघांचे ब्रेक काढून पुन्हा लावायला सांगितले. मालतीच्या मागच्या चाकाशी आले. चाक काडीला न शिवता फिरत राहिलं. त्यांनी स्पोक छेडले. मग उभे राहिले, मिशीवरून बोट फिरवलं आणि तेच बोट निमाईच्या तेलकट, काळ्या हातांकडे वळवलं.

"मालतीबाई, माफ करा. हे चाक मिस्त्रीनं बांधलंय."

मालतीचा चेहरा लाल झाला. ती तोंड उघडणार एवढ्यात निमाई पुढे घुसला. त्याला मराठी कळत नव्हतं, पण 'मिस्त्री' कळलं आणि कॅप्टनचं त्याच्याकडे वळलेलं बोटही कळलं.

"मी?" तो हिंदीत कडाडला. "पुढचं चाक फिरवा, साहेब! फिरवा! ती उडी बघितलीत? निमाई दासच्या चाकाला उडी? चाळीस वर्षांत कुणी माझं असं नाव बद्दू केलं नाही! आणि काल विश्वकर्मापूजा होती. काल मी चाकाला हात लावला असता तर आज हे हात तुम्हाला दाखवले असते का?"

कॅप्टननी पुढचं चाक फिरवलं. उडी होती. ते वाकून बराच वेळ बघत राहिले.

"ही का काढली नाहीत?" त्यांनी मालतीला विचारलं.

"जमली नाही," ती म्हणाली. "सांध्यापाशी आहे. तासभर बसले होते. मला अजून येत नाही ते." तिनं मान खाली घातली नाही.

कॅप्टननी तिच्या हातातली किल्ली घेतली आणि मागच्या चाकाचे नऊ स्पोक सैल केले. चाक जे लटपटायला लागलं! श्रीकांतच्या तोंडून "अरे अरे अरे!" निघून गेलं. कॅप्टननी किल्ली परत तिच्या हातात ठेवली आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं.

मालती ओल्या गवतावर बसली. सात पुरुष भोवती उभे राहिले, चहावालाही आला. निमाई तिच्या डाव्या हाताला होता. आज पूजा नव्हती, आज त्याला कशाचीच मनाई नव्हती, तरी तो एक अक्षर बोलला नाही. तिनं डोळे मिटले. एक स्पोक छेडला, दुसरा छेडला. पाव फेरा. पुन्हा ऐकलं. बाराव्या मिनिटाला तिनं चाकाला हात मारला आणि मागे सरकली. कॅप्टननी काडी धरली. चाक फिरलं, फिरत राहिलं, आणि काडीला शिवलं नाही.

कॅप्टननी खिशातून यादी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि आठव्या ओळीत तिचं नाव लिहिलं. "पुढच्या चाकाची उडी असू दे," ते म्हणाले. "आणि वर माझं चाक वाकलं तर तुम्हालाच हाक मारीन." निमाईनं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणून सांगितलं. मालती हसत होती आणि रडत होती आणि तिला कशाचीच लाज वाटत नव्हती.

साडेआठ वाजायला आले. श्रीकांतनं घड्याळ बघितलं आणि एकदम घाबराघुबरा झाला. ट्रॅमचा थांबा लांब, बँक दहाला, पण साहेबांना तो साडेनऊलाच हवा होता, आणि स्वतःची सायकल तर गच्चीवर, स्पोक काढलेली.

"मी नदीच्या घाटाच्या रस्त्यानं सोडते तुला," मालती म्हणाली. "बँकेच्या अलीकडच्या गल्लीत उतर. कुणी बघणार नाही."

श्रीकांतनं पँटला क्लिपा लावल्या, का लावल्या देव जाणे, आणि डबा मांडीवर घेऊन तिच्या कॅरिअरवर बसला. मालतीनं काष्टा सावरला आणि पायडल मारलं. दोघांच्या वजनानं चाकं कुरकुरलीसुद्धा नाहीत. पुढं मात्र दर फेऱ्याला एक बारीकशी उडी, टुप्, टुप्, अशी हाताला लागत होती. ती घाटाकडे वळायला लागली तसं मागून श्रीकांतनं तिच्या खांद्याला हात लावला.

"सरळ चल," तो म्हणाला. "चौरंगीच्या हमरस्त्यानंच चल. बँकेच्या दारात नेऊन सोड."

कार्यालयांची वेळ. रस्ता माणसांनी भरलेला. नऊवारीतली बाई मर्दानी सायकलीवर आणि मागे कोटातला, पन्नाशीचा अधिकारी. लोक वळून वळून बघत होते. बँकेच्या दारात श्रीकांतचे दोन सहकारी पान खात उभे होते. त्यांचा आ तसाच वासलेला राहिला. मालतीनं ब्रेक दाबला.

श्रीकांत उतरला. कोट झटकला. क्लिपा काढल्या, खिशात टाकल्या.

"ही माझी धाकटी बहीण, मालती," त्यानं बंगालीत, चांगल्या मोठ्या आवाजात सांगितलं. "पूजेला दार्जिलिंग चढणार आहे. सायकलनं. ही सायकल तिनं बांधलीय, चाकांसकट." मग जरा थांबून, छाती काढून म्हणाला, "स्पोक माझे आहेत."